टॉयलेटात निळी ट्यूब लावू का? लावू नका, आणि का ते सविस्तर सांगतो

गोव्यातल्या कळंगुटच्या एका रेस्टॉरंटवाल्यानं विचारलंय की मागच्या बाजूला गिऱ्हाइकांसाठी दोन टॉयलेटं आहेत, बीचवरचे लोक पण येऊन वापरतात, गेल्या महिन्यात सफाईवाल्या मावशीला कचऱ्याच्या डब्यात सिरिंज मिळाली, आणि कोणीतरी सांगितलं की निळी ट्यूब लावली की ड्रग्जवाल्यांना शीर दिसत नाही, ते यायचे बंद होतात. तर लावू का आणि किती वॉटची लावू.

मी इथल्याच बार्देश तालुक्यात २२ वर्षं वायरिंग आणि लाइटिंगचं काम करतोय, शॅक, गेस्ट हाऊस, बार, हॉल सगळं केलंय, आणि निळी ट्यूब स्वतःच्या हातानं एकदा लावलीय आणि स्वतःच्याच हातानं काढलीय. म्हणून वॉट सांगत नाही, आधी लावू नका असं सांगतो.

आयडिया मुळात खोटी नाहीये हे पहिलं मान्य करतो. शिरा निळसर दिसतात म्हणून लोकांना वाटतं आत निळं रक्त आहे, तसं काही नसतं. लाल उजेड कातडीत बऱ्यापैकी खोल शिरतो, आजूबाजूची कातडी तो परत बाहेर टाकते आणि शिरेतलं रक्त तो खाऊन टाकतं, त्या फरकामुळे शीर वेगळी उठून दिसते. निळा उजेड मात्र वरच्या थरातच अडकतो, खाली पोचतच नाही, त्यामुळे शीर आणि कातडी दोन्ही सारखीच दिसतात. खात्री करायची असेल तर रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, फक्त निळा एलईडी लावा आणि कोपराच्या आतली बाजू बघा, मघाशी ठसठशीत दिसणारी शीर गायब झालेली असेल. ह्याच कारणासाठी इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षांपासून सार्वजनिक टॉयलेटांत निळे दिवे लावतात, आणि अमेरिकेत पेनसिल्वेनियात पेट्रोल पंपावरच्या दुकानांनी २०१८ च्या सुमाराला लावले तेव्हा त्याची बरीच बातमी झाली होती. तुमच्यापर्यंत आलेली गोष्ट तिथूनच फिरत फिरत आली असणार.

पण जो माणूस रोज टोचून घेतो त्याला शीर बघायची गरज किती असते? त्याला स्वतःचा हात पाठ असतो, बोटानं चाचपून कळतं. कोणी बाहेर उजेडात पेनानं खूण करून आत जातो, कोणी मोबाइलचा टॉर्च लावतो. २०१३ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात टोचून घेणाऱ्या १८ जणांशी बोलून एक अभ्यास छापला गेला, त्यात लोकांनी सरळ सांगितलं की निळा दिवा आवडत नाही, पण अंगात तलफ उठलेली असली आणि दुसरी जागा नसली तर तिथेच घेणार. आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे हाताची शीर दिसत नसली तर काही जण जांघेतली नाहीतर मानेतली शीर धरतात, कारण ती दिसून नाही, हाताला लागून सापडते. जांघेत त्या शिरेला चिकटूनच मोठी धमनी आणि मज्जातंतू जातो. सुई जरा इकडची तिकडे गेली की रक्तस्राव, गाठ, पाय जायची वेळ. म्हणजे आपण ट्यूब लावली ती त्यानं घेऊ नये म्हणून, आणि केलं काय, तर जास्त धोक्याच्या जागी टोचायला लावलं. त्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता की निळे दिवे लोकांना अडवतील अशी शक्यता कमी, उलट नुकसान वाढू शकतं.

आता माझी गोष्ट. २०१७ चा सीझन, एक गेस्ट हाऊस, खाली बार, नाव सांगत नाही. मालक चांगला माणूस, दोनदा सुया मिळाल्या म्हणून घाबरला होता, त्यानं व्हिडिओ बघून मला बोलावलं आणि मी पण फार विचार न करता दोन्ही टॉयलेटांत १८ वॉटच्या निळ्या ट्यूब बसवल्या. पहिला महिना एकही सुई नाही. मालक खूश, मी खूश, मी तर दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना पण सुचवून आलो. मग मागच्या माडांमध्ये विहिरीच्या बाजूला सुया मिळायला लागल्या. तिथे किचनमधल्या कामगारांची पोरं अनवाणी खेळायची. आधी निदान सुई टाइल्सवर पडलेली असायची, मावशीच्या नजरेला पडायची, आता ती पालापाचोळ्यात जायला लागली.

आणि डिसेंबरातली ती रात्र. डीजेच्या लाइनवर एमसीबी सारखा ट्रिप होत होता म्हणून मला साडेअकराला बोलावलं होतं, मी बोर्ड उघडून बसलो होतो तेवढ्यात वेटर धावत आला, म्हणाला, "पात्रांव, भितर एकटो कितलोच वेळ जालो, दार उक्तें करिना." म्हणजे शेठ, आत एक जण कितीतरी वेळ झाला, दार उघडत नाही. दार वाजवलं, आवाज नाही. दार आत उघडणारं, आणि आतल्या माणसाचे पाय दाराला टेकलेले, ढकललं तरी चार बोटं फट पडायची आणि परत बंद. शेवटी मी स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेतली आणि बिजागऱ्यांच्या पिना वर ठोकून दारच काढलं. आत २०-२२ वर्षांचा पोरगा, भिंतीला पाठ, मान छातीवर पडलेली. आणि पाच माणसं आम्ही त्याच्याकडे बघतोय आणि कोणालाच कळेना की हा झोपलाय, प्यालाय की मरतोय. कारण त्या उजेडात आमचे सगळ्यांचेच ओठ निळे होते. माझे हात निळे, वेटरचा चेहरा निळा, जमिनीवर जे काही सांडलं होतं ते काळं दिसत होतं, रक्त आहे की पाणी तेही कळेना. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च त्याच्या तोंडावर मारला तेव्हा पांढऱ्या उजेडात दिसलं की ओठ राखेसारखे झालेत आणि नखं जांभळी पडलीत. मग १०८. फोनवरच्या बाईनी सांगितलं तसं सरळ केलं, श्वास बघितला, मध्येच एखादा यायचा, मालकानं तोंडाला तोंड लावून श्वास दिला. ॲम्ब्युलन्स आली, पोरगा वाचला. पण दार काढून टॉर्च लावेपर्यंत जी मिनिटं गेली ती मी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जाऊन दोन्ही ट्यूब काढल्या, मजुरी घेतली नाही, आणि ज्या दोन गिऱ्हाइकांना सुचवलं होतं त्यांना पण फोन करून नको म्हणून सांगितलं.

नंतर माझ्या मावसबहिणीनं, ती नर्स आहे, मला नीट समजावलं. अफूच्या जातीचा ड्रग, म्हणजे हेरॉइन, ब्राउन शुगर किंवा तसली इंजेक्शनं जास्त झाली की माणूस उठत नाही, श्वास अगदी हळू होतो आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ओठ आणि नखं निळी पडणं ही त्यातली सगळ्यात पटकन दिसणारी खूण, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तर ती आधीच नीट बघावी लागते, ओठांच्या आतली बाजू बघावी लागते. निळा दिवा नेमकी तीच खूण झाकतो. ती म्हणाली, "दादा, तू त्या माणसाचा रंगच काढून घेतलास." आजही टॉयलेटाचं काम आलं की हे वाक्य आठवतं.

सुई मिळाली म्हणजे ड्रग्ज असंही लगेच धरू नका. सीझनला गोव्यात जी माणसं येतात त्यात डायबेटिसवाले किती असतात बघा, ती जेवणाआधी टॉयलेटात जाऊनच इन्सुलिन टोचून घेतात कारण टेबलावर सगळ्यांसमोर लाज वाटते. इन्सुलिनची सिरिंज बारीक असते, सुई एकदम छोटी. आपल्याकडे ४० युनिटवालीचं टोपण लाल आणि १०० युनिटवालीचं केशरी असतं. मावशीला कुठली मिळाली ते आधी विचारा. आणि निळ्या उजेडात त्या सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचणं म्हणजे अशक्य, एखाद्या आजोबांनी १० च्या जागी २० युनिट घेतले तर तुमच्याच टेबलावर शुगर पडून चक्कर येईल.

दुसरं म्हणजे आपल्या पट्ट्यात टॉयलेटात जे चालतं ते बहुतेक टोचण्याचं नसतंच. देशात टोचून घेणारे साधारण साडेआठ लाख असल्याचा अंदाज एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आलाय, ही काही लहान संख्या नाही, पण मला बागा-हणजूण-वागातोरच्या टॉयलेटांत काम करताना जे मिळतं ते म्हणजे गुंडाळलेली नोट, फ्लश टँकच्या झाकणावर पांढरी पूड, फॉल्स सीलिंगच्या टाइलमागे पुडी, आणि जॉइंटची थोटकं. त्यातल्या कशालाच शीर लागत नाही. निळ्या दिव्याचा त्यावर काडीचा परिणाम नाही, उलट अंधूक झाल्यामुळे त्यांची सोयच होते.

अंधूक का ते पण सांगतो. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. निळा एलईडी ४६० च्या जवळ असतो, तिथे डोळा फारच कमी पकडतो, म्हणून तेवढ्याच वॉटची निळी ट्यूब पांढरीपेक्षा कितीतरी कमी उजेड देते. शिवाय निळ्यावर डोळ्याचा फोकस नीट बसत नाही, कडा धूसर होतात. वय झालेल्या माणसाच्या डोळ्यातलं भिंग पिवळं पडलेलं असतं, मोतीबिंदू असेल तर अजूनच, ते भिंग निळा उजेड आतच येऊ देत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या आईला तिथे जवळजवळ अंधार. ओल्या टाइल्स, एक पायरी आणि अंधार. आणि मावशीला तर आठ तास त्यातच साफ करायचंय, तिला जमिनीवरची सुई दिसायलाच पाहिजे, तुम्हाला तिचीच काळजी आहे ना?

काही जण दुकानात जाऊन "ब्लॅकलाइट" घेऊन येतात, ती अल्ट्राव्हायोलेट, क्लबात पांढरा शर्ट चमकवायला लावतात ती. ती वेगळी वस्तू आहे, ती तर अजिबातच लावायची नाही. लाल-जांभळा मूड लाइट हवाच असेल तर बाहेर बेसिनच्या आरशामागे पट्टी लावा, दरवाज्याच्या आत नको.

मग काय करायचं. भरपूर पांढरा उजेड करा, हे माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. छोट्या टॉयलेटाला, समजा पाच बाय सहा फूट, ९-१० वॉटचा चांगल्या कंपनीचा एलईडी पुरतो, ४००० केल्विनचा घ्या, त्यात चेहरा माणसासारखा दिसतो, ६५०० वाला हॉस्पिटलसारखा पांढराफटक पडतो. बॉक्सवर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ८० च्या खाली घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम, कारण लाल रंग म्हणजे ओठ, रक्त, कातडी ओळखायला तोच कामाला येतो. मी उजेड मोजायचं लक्स मीटर लावून १५० ते २०० लक्स येईपर्यंत समाधान मानत नाही. फिटिंग आयपी ६५ घ्या, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारं, आणि स्क्रू स्टेनलेसचे, आपल्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू दोन पावसाळ्यात गंजून जातात आणि मग दिवा लटकतो आणि कोणी दुरुस्त करत नाही. बंद पडलेला दिवा सगळ्यात वाईट.

सेन्सरबद्दल एक महत्त्वाचं. वीज वाचवायला जे हालचालीवर चालणारे सेन्सर लावतात ते टॉयलेटाच्या आत लावू नका. हे मी पण आधी भरपूर लावलेत आणि कोणाच्या लक्षात येत नाही, पण बघा, माणूस बेशुद्ध पडला की हालचाल बंद, दोन-तीन मिनिटांनी दिवाही बंद. म्हणजे ज्याला उजेडाची सगळ्यात जास्त गरज तोच अंधारात. बोस्टनमध्ये बेघर लोकांच्या एका दवाखान्यानं ह्याच्या बरोबर उलटा सेन्सर बसवला, आत कोणी असून जवळपास तीन मिनिटं हालचाल नाही झाली की बाहेर अलार्म वाजतो आणि स्टाफ धावतो. दार लागलंय हे कळायला कडीला मॅग्नेट स्विच, वर हालचालीचा सेन्सर, एक टायमर रिले आणि काउंटरवर छोटा बझर, एवढंच लागतं. हे कोणावर पाळत ठेवणं नाही, कॅमेरा नाही, काही नाही, हार्ट अटॅक आलेल्या पेन्शनरलासुद्धा त्याचाच उपयोग.

दार. दार बाहेर उघडणारं करा, हे मी त्या रात्रीनंतर प्रत्येकाला सांगतो. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं फिरवता येते, हार्डवेअरवाल्याकडे मिळते, महाग नाही. खाली वीतभर फट ठेवा, पाय दिसले पाहिजेत. पूड ओढणाऱ्यांसाठी सपाट जागा काढून टाका, फ्लश टँक भिंतीत घ्या नाहीतर झाकणावर तिरकी फळी बसवा, टिश्यूचा डबा गोल घ्या. इंग्लंडच्या पबांत सपाट जागेवर तेलकट स्प्रे मारतात म्हणे, मी सांगणार नाही, ते तेल टाइल्सवर येतं आणि कोणीतरी घसरतं. फॉल्स सीलिंग टॉयलेटात हवंच कशाला, सरळ स्लॅबला रंग द्या.

आणि सुईसाठी डबा लावा. मला माहिती आहे तुम्ही म्हणाल की डबा लावला म्हणजे परवानगी दिल्यासारखं होईल. नाही होत. परदेशातल्या बऱ्याच विमानतळांवर डायबेटिसवाल्यांसाठी असतोच. जाड प्लॅस्टिकचा, भोक पडणार नाही असा, तोंड इतकंच की सुई आत जाईल पण हात जाणार नाही, भिंतीला स्क्रूनं घट्ट. वर मराठीत, इंग्रजीत, हिंदीत एवढंच लिहा: वापरलेल्या सुया इथे टाका. भरला की जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून त्यांच्या बायोमेडिकल कचऱ्यात द्या, रोजच्या साध्या कचऱ्यात टाकू नका, तिथे पण कोणीतरी हातानंच वेगळं करतं.

मावशीसाठी वेगळं सांगतो. लांब दांड्याचा चिमटा द्या, जाड हातमोजे द्या, कचऱ्याची पिशवी हातानं दाबायची नाही हे दहा वेळा सांगा. सुईला टोपण परत घालायचं नाही, तिथेच जास्त टोचतं. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, बोट पिळायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही, आणि तडक हॉस्पिटल, म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल किंवा बांबोळीचं जीएमसी. एचआयव्हीसाठी जी औषधं देतात ती जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, २८ दिवस घ्यायची असतात. "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्या दिवशीची हजेरी कापायची तर नाहीच नाही. हेपटायटिस बीची लस तिला आजच सुरू करा, तीन डोस, पहिला, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. तुमच्या खर्चानं. ट्यूबला जे पैसे घालणार होतात ते इथे घाला.

पोलिसांचं भय असतं मालकांना, ते मला कळतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २५ मध्ये जागेचा मालक माहिती असून ड्रग्ज चालू देत असेल तर त्याला पण शिक्षा आहे, त्यातला "माहिती असून" हा शब्द महत्त्वाचा. पुड्या विकणारा दिसला तर जरूर कळवा. पण आत एखादा पोरगा पडलेला मिळाला तर आधी १०८, बाकी सगळं नंतर. त्याला उचलून रस्त्यावर ठेवणारे मालक मी बघितलेत, भीतीपोटी करतात, तसं करू नका, कुशीवर वळवा, श्वास बघत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाजूला बसा. आणि काउंटरवर १४४४६ हा नंबर चिकटवून ठेवा, तो व्यसनमुक्तीचा देशभरचा फुकट नंबर आहे. त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि थोड्या मालाच्या केसमधून त्याला संरक्षण मिळतं, आणि हे घरच्यांना माहितीच नसतं, म्हणून पोरांना लपवून ठेवतात. तुमच्या वेटरांपैकी कोणाच्या घरी असं असेल तर त्यांना सांगा.

आणि टॉयलेटात माणसाची ये-जा ठेवा, दर अर्ध्या तासानं मावशीनं किंवा पोरानं एक चक्कर मारायची, दारामागे वही आणि सही. दहा मिनिटांच्या वर दार बंद असलं तर टकटक करून "बरं आहे ना?" एवढंच विचारायचं, आरडाओरडा नाही. माझ्या अनुभवात ह्या एका चकरेनं जेवढा फरक पडलाय तेवढा कुठल्याच दिव्यानं नाही पडला.

तुम्ही दोन्ही टॉयलेटांची दारं कुठल्या बाजूला उघडतात ते बघा आणि आतल्या खोलीचं माप घ्या. आत उघडत असतील तर चौकट तीच ठेवून दार उलटं बसवता येतं, सुताराचं एका दिवसाचं काम आहे, दिव्याचं मी त्यानंतर सांगतो.